नऊ इंची भिंत आणि रेघेची जाडी

दहा बाय बाराची खोली. घराचा प्लॅन काढताना इंकस्केपसारख्या मोफत वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही १० फूट रुंद, १२ फूट लांब आयत काढता आणि नऊ इंची भिंत दिसावी म्हणून रेघेची जाडी ९ इंच ठेवता. पडद्यावर खोली सुबक दिसते. मग आतली मोकळी जागा मोजा: सव्वानऊ बाय सव्वाअकरा फूट. १२० चौरस फुटांचे १०४ झाले. एक लहान पलंग मावेल एवढी जागा भिंतींनी गिळली.

मोबाइलमधला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. वेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात. तिथे फक्त बिंदू असतात आणि ते कसे जोडायचे याचे नियम. त्यामुळे रेघेला स्वतःची अशी जाडी नसतेच. जाडी हा नंतर चढवलेला रंग, आणि तो रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा लागतो. नऊपैकी साडेचार इंच बाहेर, साडेचार आत. समोरासमोरच्या भिंती मिळून प्रत्येक मापातून ९ इंच कमी करतात.

म्हणून आयत १० फूट ९ इंच बाय १२ फूट ९ इंचांचा काढायचा. ही युक्ती संगणकाची नव्हे. पायाची आखणी करताना गवंडी दोरी ताणतो ती भिंतीच्या सेंटर लाइनवर, आणि दोन्हीकडे सारखं अंतर सोडून फक्की मारतो. वेक्टरमधली रेघ म्हणजे तीच दोरी.

कोपऱ्यांचंही असंच. दोन भिंती वेगवेगळ्या रेघांनी काढल्या, तर त्या जिथे भेटतात तिथे बाहेरच्या बाजूला साडेचार इंचांचा चौकोनी खाचा राहतो, कारण प्रत्येक रेघ आपल्या शेवटच्या बिंदूवर सरळ कापली जाते. सगळ्या भिंती एकाच सलग रेघेत काढल्या की सॉफ्टवेअर तो कोपरा स्वतः भरतं.

आता दार. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर घर आडवं कापून वरून पाहिलेलं दृश्य. या कापात ३ फुटांवर सुरू होणारी खिडकी सापडते, बाथरूमचा उंचावरचा झरोका सापडत नाही. तो तुटक रेघांनी दाखवतात. दाराची झडप उघडी काढतात आणि बिजागरी केंद्र धरून पाव वर्तुळ. ती कमान शोभेची नाही. तेवढ्या जागेत कपाट ठेवलं तर दार पूर्ण उघडणार नाही.

हे पाव वर्तुळ बहुतेक वेळा बेझिए वक्र असतं. फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी मोटारींचे वळणदार पत्रे गणितात पकडण्यासाठी हे वक्र घडवले. दोन टोकं आणि वळण आपल्याकडे ओढणारे दोन हँडल, एवढ्या चार बिंदूंत अख्खं वळण मावतं. गंमत अशी, की या वक्रातून अचूक वर्तुळ कधीच निघत नाही! हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली की ते जवळजवळ जमतं. ९०० मिलिमीटरच्या दाराला हँडल ४९७ मिलिमीटरचं, आणि चूक जास्तीत जास्त पाव मिलिमीटर. पावसाळ्यात लाकडी दार याहून जास्त फुगतं.

दारासाठी भिंत उघडायची कशी? पुष्कळजण भिंतीवर पांढरा चौकोन चिकटवतात. फरशीला रंग देईपर्यंत ते खपतं, मग ठिगळ उघडं पडतं. खरा मार्ग म्हणजे जाड रेघेचा भरीव आकार करून त्यातून दाराचा चौकोन वजा करणे. पण असं केलं की '९ इंच' हा आकडा हरवतो, भिंत पुन्हा जाड-बारीक करता येत नाही. मूळ रेघेची एक प्रत लपवलेल्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, ठेवाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

दार मात्र एकदाच काढावं आणि बाकीचे त्याचे क्लोन, म्हणजे मूळाशी जोडलेल्या प्रती, करावेत. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांच्या १९६३ च्या 'स्केचपॅड' या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्येच होती. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या टीएक्स-२ संगणकावर लाइट पेनने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या पेनाने, काढलेलं मूळ चित्र बदललं, की त्याच्या सगळ्या प्रती बदलायच्या. आजही घरात व्हीलचेअर येणार म्हणून मूळ दार अडीच फुटांवरून तीन फुटांचं केलं, की सगळी दारं एका क्षणात रुंद होतात. भिंतीला मात्र आपल्यात दार आहे याचा पत्ताच नसतो. तिच्या लेखी ते भोक, एवढंच. ते प्रत्येक ठिकाणी सहा इंच आपल्यालाच वाढवावं लागतं.