अझुलेझू

अझुलेझू : पोर्तुगालमधील इमारतींच्या भिंतींना आतून आणि बाहेरून लावल्या जाणाऱ्या चौकोनी, झिलईदार, रंगीत टाइल्स. एका टाइलची बाजू साधारण 14 सेंमी. असते. मात्र सुट्या टाइलला फारसा अर्थ नाही. शेकडो-हजारो टाइल्स जोडून जमिनीपासून कधीकधी छतापर्यंत मढवलेली अख्खी भिंत हेच या कलेचे एकक. नाव अरबीतून आले, तंत्र स्पेन, इटली आणि नेदरलँड्समधून आले, रंगसंगतीवर चिनी पोर्सलेनची छाप पडली. भिंतच्या भिंत झाकण्याची हौस मात्र अस्सल पोर्तुगीज. या टाइल्सनी बहुतेक वेळा आपल्याहून महागड्या कशाची तरी जागा घेतली आहे : कधी भिंतीवर टांगायच्या विणीव पडद्यांची, कधी रेशमाची, कधी संगमरवराची. हे ध्यानात ठेवले तर लिस्बन-पोर्तूच्या भिंती वाचणे सोपे जाते.

राजा मानुएल पहिला 1498 मध्ये स्पेनला गेला होता. तिथल्या मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम) वळणाच्या राजवाड्यांचा त्याच्यावर प्रभाव पडला असे मानतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने सिंत्रा येथील राजवाड्यासाठी स्पेनमधील सेव्हिल शहरातून टाइल्स मागवल्या. त्या आजही जागेवर आहेत. ज्यांच्या मनात अझुलेझू म्हणजे निळे-पांढरे काम, त्यांनी आधी सिंत्रा पाहावे. तिथे हिरवा, तपकिरी आणि मधासारखा पिवळा यांचे राज्य आहे. त्या काळी भट्टीत रंग एकमेकांत ओघळू न देणे हीच मोठी अडचण होती. कारागीर मँगनीज आणि तेलकट पदार्थ कालवून रंगांमध्ये रेघ ओढत किंवा साच्याने उठावाच्या कडा काढत. इटालियन पद्धत आली आणि हा प्रश्न मिटला. कथिलाच्या भस्माने अपारदर्शक पांढरी झालेली झिलई आधी चढवायची आणि तिच्यावर कुंचल्याने थेट चितारायचे. सोळाव्या शतकात फ्लँडर्सचे कुंभार लिस्बनला येऊन वसले आणि स्थानिक कारखाने उभे राहिले. लिस्बनच्या साऊं रोक चर्चमधील एका छोट्या प्रार्थनाकक्षात फ्रान्सिश्कु द मातुश याची सही आणि 1584 हे साल असलेले काम आहे.

करण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मातीची टाइल एकदा भाजून घेतात. तिच्यावर पांढऱ्या झिलईचा पातळ द्रव ओततात. तो सुकला की पृष्ठभाग पिठुळ होतो. चित्राचा आराखडा कागदावर काढून रेषांवर सुईने भोके पाडतात, कागद टाइल्सवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटतात आणि ठिपक्यांच्या मागावर कुंचला फिरवतात. आपल्याकडे छिद्रांच्या कागदावरून रांगोळी उतरवतात, तसेच हे. फरक एवढाच, की कोरडी झिलई रंग क्षणात शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगनीज, हिरव्यासाठी तांबे, पिवळ्यासाठी अँटिमनी. दुसऱ्या भाजणीत झिलई आणि रंग एकजीव होतात. मोठ्या चित्रांच्या टाइल्सवर मागच्या बाजूला अक्षर-आकड्यांच्या खुणा घालतात, म्हणजे गवंड्याला ओळ आणि रांग कळते. दुरुस्तीत या खुणांकडे दुर्लक्ष झाले, की संताचा हात घोड्याच्या पोटाला चिकटलेला दिसतो; जुन्या चर्चमध्ये अशी गफलत शोधणे हा एक करमणुकीचा भाग आहे.

सतराव्या शतकात भिंतींवर 'तापेत', म्हणजे गालिचा, हा प्रकार रूढ झाला : निळ्या-पिवळ्या नक्षीची पुनरावृत्ती आणि भोवती किनार. चर्चची उंच भिंत त्यामुळे कापडाने झाकल्यासारखी दिसे. याच काळातले वेदीचे दर्शनी फलक भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावेत. भारतातून लिस्बनला जाणाऱ्या रंगीत सुती कापडांवरचे मोर, पक्षी, वळणदार फांद्या आणि कल्पवृक्ष तिथे थेट टाइल्सवर उतरले आहेत. काही फलकांत कापडाची झालरसुद्धा रंगवलेली आहे. ख्रिस्ताच्या वेदीखाली आपल्याकडची छीट पसरलेली पाहून क्षणभर गोंधळायला होते.

निळ्याचे राज्य शतकाच्या अखेरीस आले. चिनी पोर्सलेनने युरोपला वेड लावले होते, डच कारखाने त्याच धर्तीवर टाइल्स बनवत होते आणि पोर्तुगीज सरदार ॲमस्टरडॅमकडे मागण्या नोंदवत होते. स्थानिक चितारी मग ईर्ष्येने पुढे आले. गाब्रिएल देल बार्कु, अंतोनियु द ऑलिव्हैरा बर्नार्देश आणि त्याचा मुलगा पोलिकार्पु ही त्यांतली मोठी नावे. राजा जुआंव पाचवा याच्या कारकिर्दीत (1706–50) ब्राझीलचे सोने आले आणि राजवाडे, मठ, जिने, बागा सगळे निळे झाले. या काळातली सर्वांत मिश्कील निर्मिती म्हणजे 'फिगुरा द कोंव्हित' : जिन्याच्या तोंडाशी बाह्यरेषेवर कापून लावलेली माणसाच्या उंचीची आकृती. ती हुजऱ्या, भालदार किंवा सरदारीण असते आणि हात पुढे करून पाहुण्याला आत बोलावते. पगार न घेणारा नोकर!

गाब्रिएल देल बार्कुच्या नावावर सांगितले जाणारे लिस्बन शहराचे सुमारे 23 मीटर लांबीचे दृश्य साधारण 1700 मधले आहे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटेने आणि आगीने जे शहर नाहीसे झाले, ते या चित्रात घरोघर दिसते. ते लिस्बनच्या राष्ट्रीय अझुलेझू संग्रहालयात आहे. हे संग्रहालय राणी लिओनोरने 1509 मध्ये स्थापलेल्या माद्र द देउश मठात आहे. भूकंपानंतर शहर नव्याने बांधताना पुनर्बांधणीची सूत्रे हाती असलेला मंत्री पोंबाल याच्या अभियंत्यांना झटपट आणि स्वस्त काम हवे होते. चित्रकथा मागे पडल्या आणि साध्या, पुनःपुन्हा येणाऱ्या नक्षीच्या टाइल्स जिन्यांतून व दिवाणखान्यांतून लागल्या.

स्वयंपाकघराचा विषय वेगळाच. अल्कोबासा येथील मठाच्या प्रचंड मुदपाकखान्याच्या भिंती आणि धुराडे टाइल्सनी मढवले आहेत : धुतले की स्वच्छ, धुराने काळे पडायचे भय नाही. अन्यत्र चितारी आकड्यांना टांगलेले मासे, ससे आणि मांसाच्या तंगड्या रंगवत. लिस्बन संग्रहालयाच्या उपाहारगृहात अशा भिंतीखाली बसून जेवता येते. बेलें भागात 1837 पासून अंडी-दुधाचे सारण भरलेले छोटे पेस्ट्रीचे वाटे, 'पाश्तैल', विकणारे दुकानही आतून निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे आहे. वर दालचिनी भुरभुरून ते गरम खावेत. गर्दी मात्र सोसावी लागते.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्स चढल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. ब्राझीलमध्ये पैसा करून परतलेल्या व्यापाऱ्यांचा या फॅशनला हातभार होता. दमट, पावसाळी हवेत झिलई भिंतीचे रक्षण करते, रंगसफेदीचा खर्च वाचतो आणि मालकाची ऐपतही रस्त्यावर दिसते. विसाव्या शतकात ही सवय सार्वजनिक इमारतींकडे वळली. पोर्तूचे साऊं बेंतु रेल्वे स्थानक 1916 मध्ये सुरू झाले. त्याच्या दालनात जोर्ज कुलासु (1868–1942) याने सुमारे 20,000 टाइल्सवर लढाया, राजाचे आगमन आणि उत्तर आफ्रिकेतील सेउता शहरावरची 1415 ची मोहीम रंगवली. प्रवासी निळ्या लढायांचे फोटो काढून निघून जातात. त्यांच्या वर धावणारा वाहतुकीच्या इतिहासाचा रंगीत पट्टा बघायला मान थोडी आणखी वर करावी लागते. दोरू खोऱ्यातील पिन्याऊं या छोट्या स्थानकावर द्राक्षतोडणी आणि पोर्ट वाइनच्या व्यवसायाची चित्रे आहेत. लिस्बन मेट्रो 1959 मध्ये सुरू झाली, तेव्हा बहुतेक स्थानकांच्या भिंती मारिया कैल हिने भौमितिक नक्षीत सजवल्या. जुनी कला नव्या काळात कशी आणावी याचे उत्तर म्हणून मला तिचे काम कुलासुच्या लढायांपेक्षा सरस वाटते.

कुलासुचे काम पाहायला पोर्तुगालला जायलाच हवे असे नाही. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात त्याचे 1935 मधले फलक आहेत. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'लुझियाद' महाकाव्यातील प्रसंग, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीची गौरवगाथा, त्यांवर चितारली आहे. संस्था 1871 ची, पूर्वी वास्को द गामाच्याच नावाची. आता ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते लुईश द मिनेझिस ब्रागांझा वसाहतवादी राजवटीचे कडवे टीकाकार पत्रकार होते. पाटी त्यांची आणि भिंत गामाची, हा विरोधाभास पणजीने निमूटपणे नांदवला आहे. पणजीच्याच फोंतेन्यश भागातल्या घरांवर नावांच्या आणि रस्त्यांच्या पाट्या टाइल्सच्या असतात. मारियो मिरांडा यांची रेखाचित्रे छापलेल्या टाइल्स गोव्यात सर्रास विकल्या जातात, पण तो स्मरणवस्तूंचा व्यवहार. भिंत मढवण्याच्या परंपरेशी त्याचे नाते दूरचे.

पोर्तुगालमध्ये या टाइल्सचे मुख्य शत्रू दोन : चोर आणि सिमेंट. मूळ टाइल्स चुन्याच्या गिलाव्यावर बसवलेल्या असतात. दुरुस्तीत सिमेंट वापरले की क्षार आणि ओल आत कोंडतात आणि झिलई पापुद्र्यांनी सुटते. रिकाम्या घरांवरच्या टाइल्स रातोरात काढून विकण्याचा धंदा वाढल्यावर 2007 मध्ये पोलिसांच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने 'एसओएस अझुलेझू' हा संरक्षण प्रकल्प सुरू झाला. 2017 च्या कायद्याने दर्शनी भिंतीवरच्या टाइल्स काढण्यावर आणि अशा भिंती पाडण्यावर निर्बंध घातले. लिस्बनमध्ये मंगळवारी आणि शनिवारी फैरा द लाद्रा हा जुना बाजार भरतो. मुंबईच्या चोर बाजाराप्रमाणे त्याच्या नावातच चोरटी आहे. तिथे एकेक जुनी टाइल सुटी मिळते. विकणाऱ्याला ती कुठल्या भिंतीवरची हे सांगता आले नाही, तर तिच्यामागे चुन्याचा ताजा तुटका थर आहे का ते बघावे, आणि असल्यास ती खाली ठेवून एखाद्या चालू कारखान्याच्या दुकानातून नवी घ्यावी.