रास्ताफारी समाज, किंग्स्टन : माहितीपटांतील चित्रण

जमेकाच्या राजधानीत, विशेषतः तिच्या पश्चिमेकडील झोपडवस्त्यांत वाढलेल्या रास्ताफारी पंथीयांचे वृत्तपट व माहितीपटांतून घडलेले दर्शन. 2 नोव्हेंबर 1930 रोजी रास तफारी यांना हेले सेलासी (पहिले) या नावाने इथिओपियाच्या सम्राटपदाचा राज्याभिषेक झाला. त्यांना देव मानणारा हा पंथ त्यानंतर लवकरच उदयास आला.

कॅमेरा आधी वळतो तो जटांकडे, आणि वादही त्यांच्याच उगमाविषयी आहे. केसांना वस्तरा न लावण्याच्या बायबलमधील नाझीर व्रताचा दाखला अनुयायी देतात. केनियातील माउ माउ बंडखोरांच्या छायाचित्रांवरून ही प्रथा आली, असे एक मत आहे. अजय व लक्ष्मी मानसिंग हे अभ्यासक हिंदू प्रभावाकडे लक्ष वेधतात. 1845 पासून भारतीय मजूर करारावर जमेकात येत होते आणि साधूंच्या जटा त्यांच्या ओळखीच्या होत्या. या पंथात पवित्र मानल्या जाणाऱ्या गांजाचे नाव तेथे भारतातूनच गेले, यात शंका नाही. पण शब्दामागोमाग जटाही गेल्या, असे त्यावरून ठरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ बॅरी शेव्हान्स यांनी जुन्या अनुयायांशी बोलून ‘यूथ ब्लॅक फेथ’ या, बहुधा 1949 च्या सुमारास निघालेल्या तरुणांच्या गटाकडे या प्रथेचे श्रेय दिले आहे. माउ माउ उठाव 1952 चा असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

21 एप्रिल 1966 रोजी सम्राट किंग्स्टनला आले, तेव्हाची चित्रफीत मोलाची आहे. गर्दी थेट विमानाला भिडली. सम्राटांना उतरता येईना. अखेर मॉर्टिमर प्लॅनो या रास्ताफारी नेत्यानेच शिडीवरून लोकांना बाजूला होण्यास सांगितले. एरवी पोलिसांच्या लाठ्या खाणारा हा समाज येथे यजमानाच्या जागी दिसतो. त्याच वर्षी बॅक-ओ-वॉल ही त्यांची वस्ती बुलडोझर लावून पाडण्यात आली व तेथे टिव्होली गार्डन्स उभी राहिली.

नंतरचे बरेच चित्रण रेगे संगीताच्या ओढीने झाले. त्यात धूर आणि केस पुष्कळ. ‘रीझनिंग’ म्हणजे गोल बसून चालणारी धर्मचर्चा मात्र तुकड्यातुकड्यांनी येते. न्याबिंगी या रास्ताफारींच्या धार्मिक वादनात तीन ढोल असतात: गुंडाळी बांधलेल्या काठीने वाजवायचा बास, हृदयाच्या ठोक्यासारखा एकसारखा चालणारा फुंडे आणि त्यावर खेळणारा रिपीटर. हे वादन न कापता ऐकवले, तरच त्यातली प्रार्थना कळते.

स्त्रिया बहुधा चौकटीच्या कडेलाच राहिल्या. डी. एल्मिना डेव्हिस यांच्या 1988 च्या ‘ओमेगा रायझिंग’मध्ये जमेका व ब्रिटनमधील रास्ताफारी स्त्रिया स्वतः बोलतात.