हॉटेलकामातील बर्नआउट (बेळगाव सीमाभाग)

हॉटेल, खानावळ, लॉज, ढाबा अशा ठिकाणी राबणाऱ्यांना कामाच्या सततच्या ताणाने येणारी अवस्था. ‘बर्नआउट’ ही संज्ञा मानसशास्त्रात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखनाने रुळली. क्रिस्टिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावली दिली. अंगात त्राण न उरणे, कामावरून मन उडणे आणि आपल्याला काही जमत नाही असे वाटू लागणे, ही तिची तीन लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ती आजारात मोडत नाही. तिचे मूळ कामाच्या जागीच मानले आहे. मालक मंडळींनी हे नीट ध्यानात घ्यायला हवे, कारण ‘पोरात दम नाही’ म्हणून विषय तिथेच मिटवला जातो.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा पुणे-बंगळूर महामार्गाचा पट्टा रात्रीही जागा असतो. स्टँडजवळच्या हॉटेलात पहाटे पहिला चहा उकळतो, मग नाश्ता, मग राईसप्लेट. दुपारी गिऱ्हाईक ओसरते, पण गावी जाऊन येण्याइतका वेळ नसतो. वेटर माडीवरच्या खोलीत आडवा होतो, नाहीतर कांदे चिरत बसतो. संध्याकाळी पुन्हा गर्दी. हजेरीवर आठ-नऊ तास लागतात. माणूस मात्र पहाटेपासून शटर पडेपर्यंत अडकलेला असतो. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी आहे. मधली विश्रांती धरूनही कामाचा दिवस १२ तासांपलीकडे ताणता येत नाही.

लग्नसराई, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन या काळात ताण आणखी चढतो. त्यात भाषेचे ओझे वेगळे. एका टेबलावर “काय आणू, मामा?”, शेजारी “येन बेकु, अण्णा?”, ट्रकवाल्याशी हिंदी. सीमाप्रश्न तापला की आधी बोलणी खातो तो वेटर. राग गिळून हसतमुख राहण्याच्या या कष्टाला आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटले. पगारात ते कुठेच धरलेले नसतात.

उचल घेतलेला कामगार ती फिटेपर्यंत ओढत राहतो. मग जत्रेला म्हणून गावी जातो तो परततच नाही. खानापूरकडचा असला तर गोव्याची वाट धरतो. मागे राहिलेल्यांवर डबल ड्युटी येते आणि त्यांतलाही एखादा गळतो.

उपाय मालकाच्या हातातले आहेत. ड्युटीचा तक्ता भिंतीवर लावावा, सुट्टी पाळीपाळीने पण ठरलेल्या वारी द्यावी, सीझनला जादा माणसे आधीच बोलवावीत. गर्दीआधी सगळ्यांना बसून जेवू द्यावे. उचल बाकी आहे म्हणून रजा अडवू नये. गिऱ्हाईक शिवीगाळ करू लागले, तर गल्ल्यावरच्याने स्वतः उठून मध्ये पडावे.