'गॅस्ड' : डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या रांगेची पार्श्वभूमी

'गॅस्ड' (वायूबाधित) हे पहिल्या महायुद्धातले गाजलेले चित्र. ते काढणारा जॉन सिंगर सार्जंट जुलै १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला, तो मात्र वेगळ्याच विषयावर चित्र काढायला. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाची समिती एक स्मृतिभवन उभारू पाहत होती. त्यासाठी ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक खांद्याला खांदा लावून लढताना दाखवणारे भव्य चित्र तिला हवे होते. श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढून नावाजलेल्या, ६२ वर्षांच्या या चित्रकाराला ते दृश्य काही सापडेना. आघाडीच्या जितके जवळ जावे तितकी माणसे जमिनीत दडलेली, आणि दोन्ही सैन्ये एकत्र म्हणावीत तर कुठेच नाहीत.

२१ ऑगस्टला आरास–दुलाँ रस्त्यावर, ल बाक-द्यु-स्यूदच्या प्रथमोपचार केंद्राशी तो आणि हेन्री टाँक्स पोहोचले. टाँक्स मुळात शल्यचिकित्सक, नंतर चित्रकार झालेला. तिथे मस्टर्ड वायूने भाजलेले सैनिक रांगेने आणले जात होते. सार्जंटने हेच दृश्य रंगवायचे ठरवले. विषय बदलायला समितीने हरकत घेतली नाही.

नावात वायू असला तरी मस्टर्ड हा तेलकट द्रव आहे. तो २१७ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे जमिनीवर, कपड्यांवर कित्येक दिवस चिकटून राहतो आणि ऊन चढले की त्याची वाफ उठते. जर्मनांनी तो जुलै १९१७मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ प्रथम वापरला. लागताक्षणी काहीच दुखत नाही, ही त्याची खरी गोम. वास जेमतेम लसणासारखा, नाकाला लवकर सरावणारा. म्हणून मुखवटा चढवायला उशीर होतो किंवा तो लवकर काढला जातो. काही तासांनी डोळे चुरचुरतात, पापण्या सुजून मिटतात, उजेड सोसवत नाही. कातडीवरचे फोड बहुधा त्यानंतर. मुखवटा वेळेवर चढवला तरी काखा आणि जांघा वाचत नाहीत, कारण द्रव कापडातून झिरपतो. रुग्णाचे कपडे उतरवणाऱ्यांनाही त्याची बाधा होई. बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत परत येई. मृत्यू शंभरात दोन-तीन. पण एका माणसाला बाधा झाली की त्याला नेणारे, धुणारे, पट्ट्या बांधणारे हातही अडकत, आणि सेनापतींना हवे होते तेही हेच.

मार्च १९१९मध्ये लंडनच्या स्टुडिओत पूर्ण झालेले चित्र सुमारे साडेसात फूट उंच आणि वीस फूट रुंद आहे. मधल्या रांगेत नऊ जखमी आणि त्यांना सांभाळणारे दोन ऑर्डरली, म्हणजे रुग्णसेवक. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. एक जण वळून ओकतो आहे. पायाशी गवतावर पडलेल्यांचा खच. मागे, पायांच्या फटीतून पाहिले तर, फुटबॉलचा सामना चालू आहे! एक सैनिक पाय नको इतका उंच उचलतो. त्यावर लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी अतिरेकाचा आरोप ठेवला. तो पटत नाही. नुकतीच दृष्टी गेलेल्याला 'पायरी आहे' म्हटले की पाय अंदाजाने उंचच उचलला जातो. त्याहून रास्त आक्षेप वेगळा आहे: ही तरुण, गोरीगोमटी शरीरे सायंप्रकाशात फार देखणी दिसतात, फोड कुठेच नाहीत. अर्थात पहिल्या काही तासांत ते नसतातच.

रॉयल ॲकॅडमी या ब्रिटिश कलासंस्थेने त्या वर्षी ते वर्षातले सर्वोत्तम चित्र ठरवले. स्मृतिभवन मात्र कधी बांधलेच गेले नाही. चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे गेले. १९७०च्या दशकात दिलेले वॉर्निश पिवळे पडून सगळी संध्याकाळ मळकट झाली होती. ते काढून, नोव्हेंबर २०२३मध्ये नव्या दालनात चित्र पुन्हा लावले, तेव्हा आकाशातले गुलाबी आणि हिरवट रंग परत दिसू लागले.