शूटआउटचे गोल स्ट्रायकरच्या खात्यात जमा होतात का?

फुटबॉलमधल्या निवृत्त जर्मन स्ट्रायकरांच्या (आघाडीला खेळून गोल करणाऱ्यांच्या) गोलसंख्येबद्दल फिरणाऱ्या मेसेजमध्ये एक समज हमखास असतो: पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघ आळीपाळीने मारतात त्या पेनल्टींमध्ये, मारलेला गोलही कारकिर्दीच्या आकड्यात धरला जातो. तो धरला जात नाही. गोंधळ स्वाभाविक आहे, कारण पेनल्टी सामन्यातली असो वा शूटआउटमधली, अंतर ११ मीटरच असते.

नियमानुसार ९० मिनिटे किंवा जादा वेळेसह १२० मिनिटे संपली की सामना संपतो. शूटआउटमधून फक्त पुढे जाणारा संघ ठरतो. १२० मिनिटांच्या आत मिळालेल्या पेनल्टीचा गोल मात्र पूर्ण मोजला जातो.

१९८२च्या विश्वचषकातली पश्चिम जर्मनी-फ्रान्स उपांत्य लढत घ्या. नोंद ३-३ अशी आहे, शूटआउट ५-४ वेगळा. निर्णायक पेनल्टी मारणाऱ्या जर्मन स्ट्रायकरच्या नावावर त्या स्पर्धेत १ गोल आहे, तोही ऑस्ट्रियाविरुद्धचा. जर्मन कर्णधारानेही शूटआउटमध्ये गोल केला, तरी त्याची बेरीज ५च राहिली.

पडताळणी सोपी आहे: सामन्याच्या नोंदीत ज्या गोलापुढे मिनिट लिहिलेले असते, तेवढेच गोल मोजा. शूटआउटच्या फटक्यांपुढे मिनिट नसते.