मेंदी आणि काळी मेंदी: नावात सारखी, डोक्यावर वेगळी

दिवाळीआधी मावशीनं नेहमीप्रमाणे तुळशीबागेतून काळ्या मेंदीची पाकिटं आणली. दहा वर्षं तीच लावते. या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडेनात. पापण्या टम्म सुजलेल्या, कपाळावर केसांच्या कडेनं पाण्याचे बारीक फोड, कानामागे चिकचिक. "अगं, मी डाय कुठे लावते? मेंदीच तर लावते!" हे तिचं पहिलं वाक्य.

घोळ इथेच आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसाला धरतं आणि तांबूस-केशरी रंग देतं, बस. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, कात घाला. रंग तपकिरीकडे झुकेल, पण काळाकुळकुळीत होणार नाही. शिवाय दोन-तीन तास डोकं बांधून बसावं लागतं. अर्ध्या तासात पांढरे केस काळेभोर झाले, तर ते काम नुसत्या पानाचं नाही.

ते बहुतेक वेळा पीपीडीचं, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाईनचं असतं. याचे इवलेसे रेणू केसात शिरतात, तिथे ऑक्सिडेशन होऊन एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि आतच अडकतात. बाटलीतल्या पक्क्या डायचीही हीच रीत. पाकिटावर हिरवं पान छापल्यानं त्यात फरक पडत नाही. ('अमोनिया फ्री'नंही नाही, अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळा.) युरोपात डोक्यावर लावायच्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ साली त्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. असला मान कुणाला हवाय!

"इतकी वर्षं काही झालं नाही" याला इथे अर्थ नाही. शरीर पीपीडीला शत्रू मानायला कधीही शिकतं, आणि एकदा शिकलं की सहसा विसरत नाही. त्रासही एक-दोन दिवस उशिरा उठतो, म्हणून संशय आदल्या रात्रीच्या वांग्यावर जातो. टाळूची कातडी जाड, त्यामुळे सुजतात त्या पापण्या, कान आणि मान. लावल्या लावल्या नुसती चुरचुर झाली आणि धुतल्यावर थांबली, तर ती बहुधा ॲलर्जी नसते. श्वास लागला किंवा चेहरा भराभर सुजू लागला, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

निव्वळ मेंदीची ॲलर्जी होते, पण क्वचित. लग्नसराईत हातावर झटपट काळी रंगणारी मेंदीही तपासून घ्या. त्यातही पीपीडी असू शकतं, आणि लहान मुलाला त्यातून ॲलर्जी जडली तर मोठेपणी केस रंगवताना ती उफाळून येते.

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी मावशीच्या पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला वेगवेगळे पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या. ४८ तासांनी काढल्या, तर पीपीडीच्या जागी लालभडक चकंदळ. आता ती साधी मेंदी लावते आणि त्यावर निळीच्या पानांची पूड. परवा दुकानात पाकिटामागची बारीक अक्षरं वाचता येईनात, तर तिनं सरळ दुकानदाराला विचारलं, "भिंग आहे का हो तुमच्याकडे?"