ॲलन हायस्कूल, टेक्सस

ॲलन हायस्कूल : अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ॲलन या उपनगरातली सार्वजनिक माध्यमिक शाळा. डॅलसच्या उत्तरेला सुमारे ४० किमी.वर, कॉलिन काउंटीत ती आहे. नववी धरून विद्यार्थिसंख्या सहा हजारांच्या वर जाते, त्यामुळे राज्यातल्या सर्वांत मोठ्या शाळांत तिची गणना होते. देशभर तिचे नाव झाले ते मात्र अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि त्यासाठी गावाने बांधलेले सहा कोटी डॉलरचे स्टेडियम यांमुळे. संघाचे नाव ईगल्स आणि रंग निळा-पांढरा.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गालगत वसलेले हे खेडे. १९७० साली त्याची वस्ती दोन हजारांच्याही आत होती. डॅलसहून उत्तरेला जाणारा महामार्ग, शेजारच्या रिचर्डसन-प्लेनो पट्ट्यात आलेल्या टेलिकॉम कंपन्या आणि शेतजमिनींवर उठलेल्या नव्या वसाहती यांनी चित्र पालटले. १९९० मध्ये लोकसंख्या १८ हजार होती. २००० मध्ये ती ४३ हजार, २०१० मध्ये ८४ हजार आणि २०२० मध्ये १ लाख ४ हजार झाली. गाव असे फुगले की दुसरे हायस्कूल काढायचे, ही या भागातली नेहमीची रीत. प्लेनोत तीन मोठी हायस्कुले झाली. फ्रिस्कोने तर शाळा मुद्दाम लहान ठेवायचे ठरवले आणि दहाहून जास्त हायस्कुले काढली. ॲलनने उलटा निर्णय घेतला : गाव कितीही वाढो, हायस्कूल एकच. १९९९ मध्ये नवी विस्तीर्ण इमारत उभी राहिली, नववीचे वर्ग जुन्या आवारात राहिले, आणि गावातला जवळजवळ प्रत्येक मुलगा-मुलगी एकाच शाळेत येऊ लागली. या शाळेच्या खेळांविषयी जे काही सांगितले जाते, त्याचे मूळ बहुतेक वेळा या निर्णयात सापडते. सगळी गुणवत्ता एका संघात येते आणि सगळे गाव एका बाजूच्या बाकांवर बसते. याची दुसरी बाजू अशी की वर्गात शेकडो मुले असली तरी मैदानात एका वेळी अकराच उतरतात. फ्रिस्कोत जो मुलगा सहज संघात आला असता, तो ॲलनमध्ये वर्षभर नुसता सराव करत राहू शकतो.

अमेरिकेत शाळेचा कारभार केंद्र किंवा राज्य सरकार थेट पाहत नाही. तो ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थेकडे असतो, तिचे विश्वस्त मतदानाने निवडले जातात आणि घरमालकांच्या मालमत्ता कराचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. विद्यार्थ्यांना फी नसते. टेक्ससमध्ये खेळ हा शाळा सुटल्यावरचा उद्योग नाही. वेळापत्रकात त्याचा तास असतो आणि प्रशिक्षक शाळेच्या नोकरीत असतात. मिडल स्कूलमधला, म्हणजे बारा-तेरा वर्षांचा मुलगा ज्या पद्धतीचे डावपेच शिकतो तेच पुढे हायस्कूलमध्ये वापरले जातात. मुख्य संघाला ‘व्हार्सिटी’ म्हणतात. त्याखाली ज्युनियर व्हार्सिटी आणि नववीचे संघ.

राज्यातील स्पर्धांचे नियमन ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’ करते. टेक्सस विद्यापीठाने १९१० च्या सुमारास ही संस्था काढली ती वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांसाठी. खेळ नंतर आले आणि अर्थातच यजमानाला खोलीबाहेर काढून बसले. गणित, विज्ञान, वादविवाद यांच्या स्पर्धा आजही तीच घेते, पण त्यांना बाकांची कमतरता भासल्याचे ऐकिवात नाही. पटसंख्येनुसार शाळांचे १ए ते ६ए असे गट पाडले जातात आणि दर दोन वर्षांनी फेररचना होते. ॲलन अर्थात सर्वांत वरच्या गटात आहे. १९८४ च्या कायद्याने ‘पास नाही तर खेळ नाही’ हा नियम आला : एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तर त्या विद्यार्थ्याला काही आठवडे सामन्यांपासून दूर राहावे लागते. नियम आणताना फुटबॉलप्रेमी पालक आणि प्रशिक्षकांनी मोठा गदारोळ केला होता. नियम टिकला.

सामने शुक्रवारी रात्री होतात. शनिवार महाविद्यालयांचा, रविवार व्यावसायिक संघांचा. ही वाटणी नुसती परंपरेने चालत आलेली नाही. १९६१ च्या क्रीडा-प्रक्षेपण कायद्याने आणि पुढे त्यात झालेल्या दुरुस्तीने हंगामातल्या शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक लीगच्या प्रक्षेपणावर बंधन घातले, जेणेकरून शाळा-महाविद्यालयांचे प्रेक्षक घरी टीव्हीसमोर अडकू नयेत. शाळेच्या मैदानाला संसदेचे असे संरक्षण क्वचितच कुठे मिळाले असेल.

जुने मैदान १९७० च्या दशकातले. कायमच्या जागा अपुऱ्या पडत, म्हणून हंगामात भाड्याचे तात्पुरते बाक आणावे लागत. मे २००९ मध्ये सुमारे ११ कोटी ९० लाख डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. त्यात स्टेडियम होते, कलामंदिर होते आणि शाळेच्या बसगाड्यांचा नवा तळही. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस १८,००० आसनांचे ईगल स्टेडियम सुरू झाले. गावातल्या साधारण पाच माणसांमागे एक खुर्ची, असा तो हिशेब होता. प्रेक्षकांच्या बाकांखालची जागाही वाया घालवलेली नाही. तिथे कुस्तीचा सराव होतो आणि गोल्फपटूंसाठी छपराखालची सोय आहे.

टीकेची वेळ आयती जुळून आली. आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, राज्य विधिमंडळाने शालेय शिक्षणाच्या निधीत पाच अब्ज डॉलरहून अधिक कपात केली होती आणि ठिकठिकाणी शिक्षक कमी होत होते. शाळेच्या बाजूचे उत्तर कायद्याने बरोबर होते : बांधकामासाठीचे कर्जरोखे आणि पगाराचा पैसा यांची खाती वेगळी असतात, एका खात्यातले दुसरीकडे वळवता येत नाही. पण मतदार कोणत्या कामासाठी उत्साहाने कर्ज काढतात, हा टीकाकारांचा खरा मुद्दा होता आणि त्याला हिशेबाच्या वहीत उत्तर नव्हते.

मग तडे गेले. प्रेक्षकांच्या वावराच्या मजल्यावरील काँक्रीटमध्ये भेगा दिसल्या, २०१४ च्या सुरुवातीस स्टेडियम बंद झाले आणि तपासणीत रचनेच्याच त्रुटी आढळल्या. त्या वर्षीचा सगळा हंगाम ॲलनने घरच्या मैदानाविना, शेजारच्या गावांत जाऊन काढला. डिसेंबरमध्ये आर्लिंग्टनच्या भव्य व्यावसायिक स्टेडियममध्ये सायप्रेस रँच या शाळेला ४७–१६ असे हरवून संघ सलग तिसऱ्यांदा राज्यविजेता झाला. दुरुस्तीनंतर २०१५ च्या हंगामात स्टेडियम पुन्हा उघडले.

२०१२ ते २०१४ या तीन विजेतेपदांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, कायलर मरी. सुरुवातीच्या संघात त्याचे नाव असताना ॲलन एकदाही हरले नाही. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळताना २०१८ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला मिळाली. त्याच वर्षी ओकलंडच्या व्यावसायिक बेसबॉल संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीतच त्याला घेतले होते, तरी त्याने फुटबॉल धरला आणि २०१९ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने तशाच निवडीत त्याला अगदी पहिल्या क्रमांकावर घेतले. तिन्ही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक टॉम वेस्टरबर्ग होते; शाळेचे २००८ चे पहिले विजेतेपदही त्यांच्याच काळातले. ते गेल्यानंतर २०१७ मध्ये लेक ट्रॅव्हिसला ३५–३३ असे निसटते हरवून आणखी एक चषक आला.

मैदानावर फुटबॉलपटूंहून कितीतरी पट जास्त मुले मध्यंतरात दिसतात. ‘ईगल एस्केड्रिल’ हे शाळेचे संचलन-वाद्यवृंद पथक. झेंडे नाचवणारे आणि नृत्यपथक धरून त्यात सातशे-आठशे जण असतात आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शालेय पथकांत ते मोजले जाते. मैदानाची एक बाजू ते जवळजवळ भरून टाकते. ‘होमकमिंग’च्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, आठवड्यात मुली छातीवर शेवंतीचे प्रचंड फूल आणि जमिनीपर्यंत लोळणाऱ्या रिबिनी मिरवतात, ही खास टेक्ससची हौस. फूल आता बहुधा कापडाचे असते, आणि त्याचा आकार दर पिढीत वाढत गेला आहे.

कुस्तीत ॲलनच्या मुलांनी २०१० नंतरच्या दशकात राज्यावर सलग वर्चस्व गाजवले. जाणकारांच्या लेखी ही कामगिरी फुटबॉलपेक्षाही सरस आहे, पण ती पाहायला गाव लोटत नाही. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, जलतरण, ॲथलेटिक्स, टेनिस, बेसबॉल आणि मुलींचे सॉफ्टबॉल हेही खेळ आहेत. मुलींच्या संघांना बळ मिळाले ते १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या संघराज्य कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेदाला त्याने मनाई केली.

गेल्या दोन-अडीच दशकांत प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या पट्ट्यात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने आली. त्यांत मराठी घरेही आहेत. घर घेण्याआधी शाळेची हद्द नकाशावर तपासण्याची सवय या लोकांना लवकर लागते. ॲलनमध्ये हायस्कूलपुरता तो प्रश्न फारसा उद्भवत नाही.

ॲलनच्या उत्तरेला लागूनच मॅकिनी आहे. तिथल्या शाळांनी २०१८ मध्ये १२,००० आसनांचे नवे स्टेडियम बांधले आणि ॲलनपेक्षा जास्त, सुमारे सात कोटी डॉलर खर्च केला. त्याच्या काँक्रीटला तडे उद्घाटनाआधीच गेले होते.